पोटाचा एक्स-रे (तातडीच्या उदरविकारांत)

आतड्याला छिद्र पडले आहे का, किंवा आतडे तुंबले आहे का, हे मुख्यतः पोटातल्या हवेवरून ओळखण्याची तपासणी. सोलापुरात तिला ‘पोटाचा फोटो’ म्हणतात. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला (स्थापना 1963) जोडलेल्या ‘सिव्हिल’मध्ये अक्कलकोट, पंढरपूर आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकातूनही पोट धरून माणसे येतात.

फोटोत हवा काळी दिसते. जठराला किंवा आतड्याला छिद्र पडले की ती बाहेर निसटते आणि बसलेल्या रुग्णात वर चढून श्वासपटलाखाली (छाती आणि पोट यांमधल्या स्नायूच्या पडद्याखाली) साचते. उजवीकडे यकृतावर उमटणारी काळी चंद्रकोर ही तिची खूण. डावीकडे जठराची स्वतःची हवा असल्याने फसगत होते. ही चंद्रकोर पोटाच्या फोटोपेक्षा बसवून काढलेल्या छातीच्या फोटोत चांगली दिसते. मात्र हवेला वर चढायला वेळ लागतो, म्हणून रुग्णाला आधी पाच-दहा मिनिटे ताठ बसवावे लागते. घाईत नेमके हेच राहून जाते. बसणे अशक्य असेल तर डाव्या कुशीवर निजवून फोटो काढतात. उताण्या फोटोत आतड्याच्या भिंतीच्या दोन्ही कडा स्पष्ट दिसणे हीसुद्धा बाहेर पडलेल्या हवेची खूण. अमेरिकी क्ष-किरणतज्ज्ञ लिओ रिग्लर यांनी ती 1941 मध्ये नोंदवली.

आतडे तुंबले असेल तर रुंदी मोजतात : लहान आतडे 3, मोठे 6 आणि अंधांत्र (मोठ्या आतड्याचा पिशवीसारखा सुरुवातीचा भाग) 9 सेंटिमीटरपेक्षा फुगलेले नसावे. लहान आतड्याची वेटोळी मधोमध असतात व त्यांच्या वळ्या (भिंतीच्या घड्या) आरपार जातात. मोठ्याच्या वळ्या बहुधा अर्ध्यातच थांबतात. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाला पीळ पडला की कॉफीच्या बीसारखा प्रचंड आकार दिसतो. जांघेतली हवाही पाहावी. अडकलेला हर्निया तिथेच सापडतो.

फोटोइतकीच विचारपूस मोलाची. वारा सरतो का, पूर्वी पोटाचे ऑपरेशन झाले होते का, सांधेदुखीच्या गोळ्या (त्यांनी जठराला छिद्र पडू शकते) चालू आहेत का, हे सोलापुरात मराठीबरोबर कन्नड आणि तेलुगूतही विचारता यायला हवे.

अपेंडिक्सची सूज किंवा आतड्याचा तुटलेला रक्तपुरवठा साध्या फोटोत बहुतेकदा कळत नाही. छिद्र असूनही काही रुग्णांत हवा दिसत नाही. तेव्हा सीटी स्कॅन करतात. पोट फळीसारखे कडक लागत असेल, तर फोटोत दोष दिसला नाही एवढ्यावरून रुग्णाला घरी पाठवू नये.