गोष्टीतले त्रैराशिक: खेळकर उदाहरणांची पार्श्वभूमी

सूत्रे आणि गुणोत्तरे यांचा सराव व्यवहारातल्या, थोड्या गमतीच्या उदाहरणांतून करून घ्यावा, याविषयी आज फारसा वाद उरलेला नाही. वाद आहे तो क्रमाचा. रीत आधी सांगून तिच्यावर उदाहरणे घालायची, की उदाहरणाशी मुलांची झटापट होऊ देऊन तिच्यातून रीत बाहेर काढायची, हा प्रश्न गेली पन्नास-साठ वर्षे अभ्यासक्रम ठरवणाऱ्या समित्यांना, पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्यांना आणि संशोधकांना सोडवता आलेला नाही. त्यामागचा इतिहास लांबलचक असला तरी आजच्या भांडणाशी त्याचा संबंध असमान आहे. पहिली तीन हजार वर्षे थोडक्यात आटोपली तरी चालण्यासारखे आहे.

इसवी सनापूर्वी सुमारे १६५० मध्ये नक्कल केलेल्या इजिप्तमधील रिंड पपायरसात धान्याच्या एका मापातून किती भाकरी किंवा किती पेले बिअर निघते यावरून कस ठरवण्याची आणि वेगवेगळ्या कसाच्या वस्तूंची अदलाबदल करण्याची गणिते आहेत. ती कारकुनाच्या रोजच्या कामाची होती. त्याच पपायरसात सात घरे, प्रत्येक घरात सात मांजरी, प्रत्येक मांजरीने मारलेले सात उंदीर, प्रत्येक उंदराने खाल्लेली सात कणसे आणि प्रत्येक कणसातून मिळू शकणारी सात मापे धान्य यांची बेरीज मांडली असून ती १९,६०७ येते. घरे, मांजरी आणि धान्य एकत्र मिळवण्याचे काम कोणत्याही कारकुनाला कधी पडले नसेल. उपयोगाचे गणित आणि गमतीचे गणित एकाच गुंडाळीत शेजारी नांदत होते, एवढे त्यावरून दिसते.

भारतीय परंपरेत त्रैराशिकाला, म्हणजे माहीत असलेल्या तीन राशींवरून चौथी काढण्याच्या रीतीला, स्वतंत्र प्रकरणाचा मान होता. प्रमाण आणि इच्छा या एकाच जातीच्या राशी कडेला लिहायच्या, वेगळ्या जातीचे फळ मध्ये ठेवायचे, फळाला इच्छेने गुणून प्रमाणाने भागायचे. इच्छा वाढली की फळ घटते अशा ठिकाणी व्यस्त त्रैराशिक लावायचे आणि राशी वाढल्या की पंचराशिक, सप्तराशिक अशी पुढची पायरी चढायची. बाराव्या शतकातील ‘लीलावती’त या रुक्ष यंत्रणेला कमळे, भुंगे आणि हंस भेटतात. नऊ हात उंच खांबावर बसलेल्या मोराला खांबाच्या पायथ्याशी असलेल्या बिळाकडे येणारा साप सत्तावीस हातांवर दिसतो आणि दोघेही सारखेच अंतर कापून एकमेकांना गाठतात. ही गाठ बिळापासून बारा हातांवर पडते. आजच्या वादाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती मांडणी: तिथे आधी रीतीचा श्लोक येतो आणि त्यानंतर उदाहरणाचा. गोष्ट कितीही रसाळ असली तरी तिने रीतीची परीक्षा घ्यावी अशी अपेक्षा नव्हती. तिने रीत लक्षात राहायला मदत करावी एवढेच तिचे काम होते.

युरोपात व्यापाऱ्यांच्या अंकगणिताने हाच क्रम कायम ठेवला. छापील स्वरूपात आलेल्या तिथल्या सर्वांत जुन्या अंकगणिताच्या पुस्तकातही, म्हणजे १४७८ मध्ये, त्रैराशिकाला मोठे स्थान होते. एकोणिसाव्या शतकात मात्र पाठांतराविरुद्ध तक्रारी वाढल्या आणि अनेक देशांत ‘आधी एकाची किंमत काढा, मग हव्या तितक्यांची’ ही एकमान पद्धत पुढे आली. तिचा फायदा असा की प्रत्येक पायरीला अर्थ असतो, आपण कशाला गुणतो आहोत हे विद्यार्थ्याला सांगता येते. तरीही उदाहरणांची जागा बदलली नाही. रीत बदलली, उदाहरणे मात्र रीतीच्या पाठीमागेच उभी राहिली.

खरा बदल विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला आहे. १९५७ मध्ये सोव्हिएत उपग्रह अवकाशात गेल्यावर पाश्चात्त्य देशांत शालेय गणिताची घाईने फेररचना झाली आणि संच, संबंध, रचना यांना अग्रस्थान मिळाले. व्यवहारातली उदाहरणे मागे पडली. या लाटेला सर्वांत पद्धतशीर विरोध नेदरलँड्समध्ये झाला. तिथे १९६८ पासून सुरू झालेल्या एका प्रकल्पाने उलटी दिशा धरली: परिस्थिती आधी द्यायची, मुलांना आपापल्या ओबडधोबड रीती वापरू द्यायच्या, आणि त्याच रीती हळूहळू घासूनपुसून सूत्रापर्यंत न्यायच्या. या विचाराला ‘वास्तववादी’ असे नाव पडले आणि त्याने बराच गैरसमज ओढवून घेतला. परिस्थिती दुकानातली किंवा रस्त्यावरचीच असली पाहिजे असा त्याचा आग्रह नव्हता. राक्षसाच्या पावलाचा ठसा दाखवून त्याची उंची विचारली तरी चालत असे. अट एवढीच की मुलाला ती डोळ्यांसमोर आणता यावी. पुढे अनेक देशांतल्या पुस्तकांनी नाव उचलले, अट विसरली आणि पानोपानी बाजारहाट भरला.

त्याच सुमारास फ्रान्समध्ये, बोर्दोजवळच्या एका प्राथमिक शाळेत, गुणोत्तराच्या अध्यापनात फार वेळा उद्धृत झालेला एक खेळ आकाराला आला. त्याच्यावर थोडे थांबले पाहिजे, कारण क्रमाच्या वादाचे सगळे धागे त्यात येतात. मुलांच्या गटाला पुठ्ठ्याचे तुकडे जोडून बनणारे एक कोडे देतात आणि तसेच मोठे कोडे बनवायला सांगतात. सूचना एकच असते: मूळ कोड्यात जी बाजू ४ सेंटिमीटर आहे ती नव्या कोड्यात ७ सेंटिमीटर झाली पाहिजे. गटातल्या प्रत्येकाने आपापल्या वाट्याचा तुकडा वेगळा मोठा करायचा आणि शेवटी सर्वांनी ते जुळवायचे. जवळजवळ सर्व मुले प्रत्येक बाजूत ३ मिळवतात. ४ चे ७ झाले, म्हणजे तीन वाढले, हा तर्क त्यांना इतका उघड वाटतो की त्यावर चर्चाही होत नाही. मग तुकडे जुळत नाहीत.

ते का जुळत नाहीत हे आकड्यांत सोपे आहे. समजा ११ सेंटिमीटरच्या एका अखंड कडेला ४ आणि ७ सेंटिमीटरचे दोन तुकडे लागून बसतात. सगळीकडे तीन मिळवले तर अखंड कड १४ होते आणि दोन तुकड्यांची मिळून १७. चारावर सात हे गुणोत्तर लावले तर अखंड कड १९.२५ होते, तुकडे ७ आणि १२.२५ होतात आणि त्यांची बेरीजही १९.२५ येते. पण वर्गात ही गणना लगेच होत नाही. आधी मुले एकमेकांच्या मोजमापावर संशय घेतात, पुन्हा मोजतात, पुन्हा कापतात, आणि मापे अचूक असूनही कोडे बसत नाही हे पटल्यावरच रीतीवर संशय घेतात. संख्या ४ आणि ७ याच का निवडल्या हेही इथेच कळते: ४ चे ८ करायला सांगितले असते तर मुलांनी दुप्पट करून काम भागवले असते आणि गुणोत्तराचा प्रश्न उभाच राहिला नसता. या कोड्यातला ताळा शिक्षकाकडे किंवा पुस्तकाच्या शेवटच्या पानावर नसतो. तो पुठ्ठ्यातच असतो. खेळकर उदाहरणांच्या नावाखाली पुढे जे पुष्कळ काही छापले गेले, त्यातल्या फार थोड्याला ही कसोटी लावता येते, असे स्पष्ट म्हणायला हरकत नाही.

मिळवणीची ही चूक एका शाळेपुरती नव्हती. अमेरिकेत १९७० च्या सुमारास वापरात आलेल्या एका चाचणीत बुटका माणूस ४ बटणे उंच आणि उंच माणूस ६ बटणे उंच दाखवतात. बुटका कागदाच्या टाचण्यांनी मोजला तर ६ टाचण्या भरतो, मग उंच किती भरेल? ९ हे उत्तर अपेक्षित असताना मोठ्या संख्येने मुले ८ म्हणतात. ब्रिटनमध्ये त्या दशकाच्या उत्तरार्धात माध्यमिक शाळांतल्या मुलांची जी मोठी पाहणी झाली तिच्यात हाच प्रश्न वापरला गेला, आणि त्यातून पुढे आलेली दुसरी गोष्ट रीत-आधी पक्षाला जास्त झोंबणारी होती: ज्यांना तिरकस गुणाकार (दोन समान गुणोत्तरे मांडून एकाचा अंश दुसऱ्याच्या छेदाने गुणण्याची रीत) शिकवला होता त्यांच्यापैकीही फारच थोड्यांनी तो वापरला. बाकीची मुले निम्मे करणे, दुप्पट करणे, थोडे जोडणे अशा स्वतःच्या युक्त्यांवर चालत होती आणि संख्या सोयीच्या असेपर्यंत त्या युक्त्या बरोबर उत्तर देत होत्या.

तरीही गोष्ट आधी ठेवली की सगळे सुरळीत होते, असा निष्कर्ष त्या काळातल्या दुसऱ्या काही निरीक्षणांनी अडवला. फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथे १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सात-आठ-नऊ वर्षांच्या ९७ मुलांना विचारले गेले की जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत, तर कप्तानाचे वय किती. ७६ मुलांनी दिलेल्या संख्यांवर काही क्रिया करून वय सांगितले. अमेरिकेतल्या एका राष्ट्रीय चाचणीत, १९८२-८३ मध्ये, तेरा वर्षांच्या मुलांना ११२८ सैनिक न्यायला ३६ आसनांच्या किती बस लागतील असे विचारले होते. सुमारे ७० टक्क्यांनी भागाकार बरोबर केला, पण ३२ बस असे उत्तर देणारे २३ टक्केच निघाले; २९ टक्क्यांनी ‘३१, बाकी १२’ असे लिहिले. शाळेत गणिताची गोष्ट वाचायची ती तिच्यातल्या संख्या काढून घेण्यासाठी, हा अलिखित करार मुलांनी पाळला होता. करार मुलांनी केलेला नव्हता, हे इथे नोंदवले पाहिजे.

गुणोत्तराच्या बाबतीत याच सवयीचे उलटे टोक पुढच्या दशकात समोर आले. २०० मीटर बाजूच्या चौरस कुरणाला खत घालायला शेतकऱ्याला ८ तास लागतात. ६०० मीटर बाजूच्या कुरणाला किती? बेल्जियममध्ये बारा ते सोळा वर्षांच्या मुलांवर अशा प्रश्नांचे प्रयोग झाले आणि बहुसंख्य उत्तरे २४ तास अशी होती. बाजू तिप्पट झाली की क्षेत्रफळ नऊपट होते, म्हणून ७२ तास हवेत, आणि चौरसाच्या क्षेत्रफळाचे सूत्र या मुलांना येत नव्हते असे अजिबात नाही. १०० मीटर १७ सेकंदांत धावणारा मुलगा एक किलोमीटर किती वेळात धावेल, या प्रश्नालाही जवळजवळ सगळ्यांनी निर्धास्तपणे १७० सेकंद असे उत्तर दिले. जी मुले लहानपणी गुणोत्तराऐवजी मिळवणी वापरत होती, तीच मोठेपणी गुणोत्तर नको तिथेही लावू लागली. (चौरसाचे क्षेत्रफळ दुप्पट करायला सांगितल्यावर बाजू दुप्पट करणारा गुलाम मुलगा एका ग्रीक संवादात इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातच येऊन गेला आहे, तेव्हा दोष केवळ आधुनिक पाठ्यपुस्तकांवर टाकता येत नाही.) ज्या प्रकरणाचे नावच प्रमाण आहे त्यातली सगळी उदाहरणे प्रमाणातच असणार, हे मुले प्रकरणाच्या मथळ्यावरून ओळखतात, म्हणून प्रमाणात न बसणारी उदाहरणे मुद्दाम मध्ये पेरावीत, ही सूचना या प्रयोगांतून आली आणि अजूनही फार थोड्या पुस्तकांनी ती मनावर घेतली आहे.

शतक उलटल्यावर वाद सार्वजनिक झाला. नेदरलँड्समध्ये २००७ च्या आसपास काही गणितज्ञांनी वृत्तपत्रांतून उघड तक्रार केली की मुलांना साधा भागाकार येईनासा झाला आहे आणि त्याला वास्तववादी पद्धत जबाबदार आहे. तिथल्या विज्ञान अकादमीने नेमलेल्या समितीने २००९ मध्ये अहवाल दिला, आणि दोन्ही बाजूंची निराशा झाली: उपलब्ध संशोधनावरून एक पद्धत दुसरीपेक्षा सरस असल्याचे खात्रीने सिद्ध होत नाही असे तो म्हणत होता आणि शिक्षकांच्या तयारीकडे बोट दाखवत होता. दरम्यान २००८ मध्ये अमेरिकेतल्या एका प्रयोगाचा गाजावाजा झाला. त्यात मोजपात्रांसारख्या ओळखीच्या उदाहरणांतून एक बीजगणिती रचना शिकलेल्या विद्यार्थ्यांपेक्षा निव्वळ चिन्हांतून शिकलेल्यांनी ती नव्या खेळात चांगली वापरली होती. वृत्तपत्रांनी त्यावरून शाब्दिक उदाहरणांचा निकाल लावून टाकला, पण तीन वर्षांनी बेल्जियममध्ये तोच प्रयोग वाढवून केला तेव्हा नवा प्रसंग ओळखीच्या वस्तूंचा असेल तर ओळखीच्या उदाहरणांतून शिकलेलेच पुढे राहिले. शिवाय त्या प्रयोगात गुणोत्तराचा काही संबंध नव्हता. वादात मात्र त्याचा दाखला आजही गुणोत्तरासाठीच दिला जातो.

परीक्षांनीही आपला भार टाकला. २००० पासून साधारण दर तीन वर्षांनी होत आलेल्या पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीने प्रश्नांना प्रसंगाची चौकट दिली आणि देशोदेशीच्या चलनांचा गोंधळ टाळायला ‘झेड’ नावाचे काल्पनिक चलन वापरले. तिथल्या एका प्रश्नात सारख्याच जाडीचे दोन पिझ्झा आहेत: ३० सेंटिमीटर व्यासाचा ३० झेडला, ४० सेंटिमीटर व्यासाचा ४० झेडला, जास्त फायद्याचा कोणता? व्यास आणि किंमत दोन्ही ३:४ असल्याने त्रैराशिक म्हणते की दोन्ही सारखेच, पण क्षेत्रफळे ९:१६ आहेत आणि मोठा पिझ्झा एका झेडला सुमारे ३१.४ चौरस सेंटिमीटर देतो तर छोटा २३.६. सूत्र आणि गुणोत्तर एकमेकांविरुद्ध उभे करणारा हा प्रश्न छोटा आहे, आणि π न वापरताही सुटतो.

अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांनी २०१० नंतर स्वीकारलेल्या सामाईक अभ्यासक्रमात सहावीच्या पातळीवर समान गुणोत्तरांच्या सारण्या, पट्टीच्या आकृत्या आणि दुहेरी संख्यारेषा यांचा नावानिशी उल्लेख आहे. तिरकस गुणाकाराचा नाही. वगळण्याचा हा निर्णय तिथल्या पालकांना आणि बऱ्याच शिक्षकांना अजून रुचलेला नाही, कारण परीक्षेत चटकन उत्तर काढून देणारी रीत तीच आहे, आणि घरी मुलांना मदत करणाऱ्या मोठ्यांना येणारी रीतही तीच आहे. पुष्कळ वर्गांत ती सारण्यांच्या पाठोपाठ, पुस्तकाबाहेरून, शिकवली जातेच.