केना उपटला, पण संपला का?

जुलै उजाडला की मुंबईतल्या सोसायट्यांमध्ये ‘रान फार माजलंय’ म्हणून माळ्याला बोलावणं जातं. तो सगळ्यात आधी केना उपटतो आणि थोड्याच दिवसांत केना पुन्हा हजर! दोष माळ्याचा नाही. केना अर्धा संसार जमिनीखाली थाटतो.

आधी ओळख पटवू. पानं अंडाकृती, आखूड देठाची. पान खोडाला वेढतं तिथे बहुधा तांबूस केस. फुलाखाली नरसाळ्यासारखं हिरवं आवरण, त्याच्या कडा तळाशी जुळलेल्या. पानं अरुंद आणि आवरणाच्या कडा सुट्या असतील, तर तो केन्याचा भाऊबंद, कॉमेलिना डिफ्यूजा. आपला केना म्हणजे कॉमेलिना बेंगालेन्सिस. हे नाव पडलं कॉमेलिन घराण्यावरून. त्यातले दोघे नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ, तिसऱ्याच्या हातून फारसं काही झालं नाही. म्हणून फुलाच्या दोन ठसठशीत पाकळ्या आणि एक फिकट, असा खट्याळ खुलासा वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या खुद्द लिनिअसने केला होता.

निळं फूल सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत मिटून त्याचा लगदा होतो. त्यात मकरंद नसतो. ठळक पिवळे दिसणारे काही पुंकेसर वांझ असतात; माश्यांना परागांची रेलचेल भासवायची एवढंच त्यांचं काम.

खरी गंमत मातीत आहे. बुंध्यापासून पांढऱ्या, जवळपास पानं नसलेल्या फांद्या खाली शिरतात आणि त्यांवरही फुलं येतात. ही फुलं कधीच उमलत नाहीत. मिटल्या कळीतच पराग स्वतःच्या कुक्षीवर रुजतात आणि फळ धरतं. वरच्या फुलांना परपरागीकरणाची संधी असते, म्हणजे जनुकांची सरमिसळ होऊ शकते. खालच्यांत ती नाही, पण माशी आली नाही तरी बी पक्कं. वरच्या बोंडात साधारण पाच बिया, एक मोठी नि चार लहान. खालच्यात तीन, एक मोठी नि दोन लहान. म्हणजे एकाच झाडाच्या चार तऱ्हेच्या बिया! खालची मोठी बी चटकन रुजते. वरची लहान बी टणक कवचामुळे मातीत दीर्घकाळ निजून राहते. एकदा निंदलं तरी पुढची फळी तयारच. अमेरिकेतल्या जॉर्जियात कापूसवाले याच केन्याने हैराण झालेत, ग्लायफोसेट या तणनाशकालाही तो सहसा दाद देत नाही.

पावसाळ्यात स्टेशनाबाहेर केन्याच्या जुड्या मिळतात. भाजी करा, पानांची भजी करा. सोबत ‘शंभर रोगांवर एकच रानभाजी’ असा फॉरवर्ड आला, तर तो मात्र पुढे ढकलू नका. रुळांकडेचा, गटाराच्या पाण्यावर पोसलेला केनाही खाऊ नका. नैसर्गिक असला म्हणून तो स्वच्छ ठरत नाही.

लावायचा तर पेरावर कापलेली काडी ओल्या मातीत खोचली की मुळं धरते. जमिनीखालची करामत पाहायची असेल, तर खोल कुंडीत बी पेरा आणि पाऊस सरल्यावर कुंडी उलटी करा. पांढऱ्या फांद्यांवर बोंडं दिसतील. ती माती दुसऱ्या कुंडीत मात्र घालू नका.