करडी छटा ठरते कधी?

एप्रिल 1927. अमेरिकेतल्या योसेमिटीत, हाफ डोमच्या कड्यासमोर पोचेपर्यंत कृष्णधवल छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांच्याकडे फोटो टिपायच्या काचेच्या दोनच प्लेट उरल्या होत्या. एक त्यांनी पिवळा फिल्टर लावून टिपली. लगेच लक्षात आलं, की आकाश फिकं पडणार आणि कड्याचा दरारा जाणार. शेवटच्या प्लेटला गडद लाल फिल्टर लावला आणि निळं आकाश जवळजवळ काळं उतरलं. कुठल्या रंगाची कुठली करडी छटा करायची, हे तेव्हा शटर दाबण्याआधीच ठरवावं लागे.

डिजिटलमध्ये तो निर्णय नंतरवर गेला. कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसन यांनी 1975 मध्ये बनवलेला कॅमेरा कृष्णधवलच होता: 100 बाय 100 ठिपके, एक चित्र कॅसेटवर उतरायला 23 सेकंद. सेन्सरला मुळात रंग कळत नाही, उजेड कळतो. कोडॅकच्याच ब्राइस बायर यांनी ठिपक्याठिपक्यावर लाल, हिरवा किंवा निळा चिमुकला फिल्टर बसवायची युक्ती काढली. 1976 मध्ये तिला पेटंट मिळालं. निम्मे फिल्टर हिरवे, कारण आपला डोळा हिरव्यालाच जास्त संवेदनशील असतो.

रॉ फाइलमध्ये, म्हणजे सेन्सरने टिपलेल्या कच्च्या नोंदीत, हे तिन्ही रंग शाबूत असतात. भाजीच्या टोपलीतला लाल टोमॅटो आणि त्याला टेकलेली हिरवी ढोबळी मिरची बघा. नुसता रंग काढून टाकला, तर दोन्ही एकाच राखाडीत बुडतात. लाल वाढवा, टोमॅटो उजळून मिरचीपासून सुटा होतो. म्हणून फक्त ब्लॅक अँड व्हाइट जेपेग काढणं मला पटत नाही; ही मुभाच हातची जाते. एक्स्पोजर मात्र जागेवरच सांभाळायचं. निगेटिव्हवर सावल्या जपायच्या असत, इथे उजळ भाग जपायचा. तो एकदा पार पांढरा पडला, की प्रिंटमध्ये त्या जागी कोरा कागद दिसतो.

छपाई बरीच मागे रेंगाळली. सुरुवातीच्या इंकजेटमध्ये काळी शाई एकच, बाकी करडं रंगीत शायांच्या मिश्रणातून. तोच प्रिंट एका दिव्याखाली हिरवट, दुसऱ्याखाली गुलाबीसर दिसे. 2005 मध्ये एप्सनने काळी आणि तिच्याच दोन फिक्या छटा अशा तीन शाया एकत्र दिल्या, तेव्हा घरच्या प्रिंटरवरही भरवशाचं करडं मिळू लागलं.

2012 मध्ये लायकाने बायरचे फिल्टरच नसलेला एम मोनोक्रोम आणला. त्यात रंगच नोंदला जात नाही. आकाश काळवंडायचं असेल, तर लेन्सवर पुन्हा लाल काच चढवावी लागते.