पोस्टाने रायफल जाते, रिव्हॉल्व्हर का जात नाही?

अमेरिकेत एकाच राज्यात राहणारे दोन भाऊ डोळ्यांसमोर आणा. थोरल्याने वडिलांची शिकारीची रायफल धाकट्याला पोस्टाने पाठवली, तर केंद्रीय कायदा आडवा येत नाही. बंदुकीत गोळी नको, खोक्यावर आत काय आहे ते लिहायचे नाही आणि सही घेतल्याशिवाय पार्सल द्यायचे नाही, अशा मोजक्या अटी आहेत. पण त्याच वडिलांचे रिव्हॉल्व्हर पोस्टात टाकले तर कायद्याने तो गुन्हा, शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद. दोन्ही हत्यारे रीतसर मालकीची, घर तेच, पोस्टही तेच. या फरकाचे मूळ १९२७ सालात आहे.

त्याआधीची हकिगत पार्सलपासून सुरू होते. १ जानेवारी १९१३ पर्यंत अमेरिकेचे पोस्ट चार पौंडांहून जड वस्तू घेतच नसे. जड सामान खासगी एक्सप्रेस कंपन्या नेत. त्या दिवशी पार्सल पोस्ट सुरू झाले आणि शेतावरच्या घरापर्यंत दुकान पोचले. सिअर्स रोबक, माँटगोमेरी वॉर्ड या टपालाने माल विकणाऱ्या कंपन्यांच्या जाडजूड कॅटलॉगांत नांगर, शिलाईयंत्रे, कापड आणि बंदुका असे सगळेच असे. इकडे न्यूयॉर्कने १९११ मध्येच ‘सलिव्हन कायदा’ करून पिस्तुलासाठी परवाना सक्तीचा केला होता. पण दुसऱ्या राज्यातून पार्सल मागवले की विकणारा न्यूयॉर्कच्या कायद्याबाहेर. गल्लीतल्या दुकानदाराने परवाना विचारायचा आणि पोस्टमनने न विचारता पिस्तूल दारात आणून द्यायचे, ही विसंगती लोकांना खुपणे साहजिक होते.

सिएटलचे प्रतिनिधी जॉन मिलर यांनी हा प्रश्न काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, लावून धरला. गुन्हेगारी हा राज्यांचा विषय. त्यात थेट हात घालायला केंद्र कचरत होते. पोस्ट मात्र केंद्राचे स्वतःचे. आपल्या गाडीत काय चढवायचे हे ठरवण्याचा हक्क केंद्राला आहे, म्हणून वाट पोस्टातून काढली गेली. ८ फेब्रुवारी १९२७ रोजी राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी सही केली. पिस्तूल, रिव्हॉल्व्हर आणि ‘अंगावर लपवता येईल’ असे कोणतेही बंदूकवर्गीय हत्यार सामान्य माणसाला टपालाने पाठवण्यास बंदी आली. लष्करी अधिकारी, पोलीस, कारखानदार आणि विक्रेते यांना ठरावीक कामांपुरती सूट मिळाली. लांब नळीची रायफल, छऱ्याची बंदूक खिशात मावत नाही, म्हणून त्या सुटल्या.

माझ्या मते या कायद्याचा हेतू रास्त होता, पण त्याने बंदूक कोणाच्या हाती पडते हे पाहिलेच नाही. ती कोणत्या गाडीतून जाते एवढेच पाहिले. खासगी एक्सप्रेस कंपन्यांना त्याने हात लावला नव्हता. छत्तीस वर्षांनी ही फट साऱ्या जगाला दिसली.

मार्च १९६३. डॅलसमध्ये ली हार्वी ओस्वाल्डने एका मासिकातले कूपन कापले, ‘ए. हिडेल’ हे खोटे नाव लिहिले आणि २१ डॉलर ४५ सेंटची पोस्टाची मनीऑर्डर जोडून ते शिकागोच्या क्लाइन्स दुकानाला धाडले. इटालियन बनावटीची, दुर्बीण बसवलेली रायफल पार्सल पोस्टाने निघाली, डॅलसच्या पोस्ट बॉक्स २९१५ कडे. पैसे पोस्टातून, माल पोस्टातून, पत्ताही पोस्टाचाच, आणि सगळे कायद्यात बसणारे. त्याच खोट्या नावाने लॉस एंजेलिसच्या एका दुकानाकडून त्याने .३८ रिव्हॉल्व्हर मागवले होते. तेही त्याच दिवशी, २० मार्चला, रवाना झाले. ते पोस्टाने पाठवता येत नव्हते, म्हणून रेल्वे एक्सप्रेस एजन्सीने नेले. दहा डॉलर आगाऊ, बाकीचे माल ताब्यात घेताना, आपल्याकडच्या व्ही.पी.सारखेच. २२ नोव्हेंबरला रायफलीने राष्ट्राध्यक्ष केनेडी मारले गेले आणि त्या रिव्हॉल्व्हरने पोलीस शिपाई टिपिट. म्हणजे १९२७ च्या बंदीने रिव्हॉल्व्हरचा मार्ग बदलला, मुक्काम नाही.

सिनेटर टॉमस डॉड यांनी टपालाने होणाऱ्या पिस्तूलविक्रीवरचे विधेयक त्या ऑगस्टमध्येच, म्हणजे हत्येआधीच, मांडले होते. पुढे त्यात रायफलीही आल्या. तरी ते वर्षानुवर्षे रखडले. एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि जूनमध्ये रॉबर्ट केनेडी यांचे खून झाले, तेव्हा कुठे गाडा हलला. २२ ऑक्टोबर १९६८ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी ‘गन कंट्रोल ॲक्ट’वर सही केली. राज्याबाहेरच्या माणसाला बंदूक द्यायची तर ती केंद्राचा परवाना असलेल्या विक्रेत्यामार्फतच, हा नियम तिथून आला. वाहन कोणते याने आता फरक पडेना. घेणाऱ्याकडे पाहणे सुरू झाले. जे काम १९२७ मध्ये व्हायला हवे होते, त्याला चार माणसांचे जीव जावे लागले.

१९२७ चा कायदा मात्र कुणी रद्द केला नाही. पिस्तूल पाठवायचे तर खासगी कुरियर होते, त्यामुळे कुणाचे फारसे अडत नव्हते. आता यूपीएस आणि फेडएक्स या मोठ्या कुरियर कंपन्या परवानाधारकांखेरीज कुणाचे हत्यार घेत नाहीत. १९२७ ला पोस्टाचे दार बंद आणि खासगी उघडे होते. आज पिस्तुलाच्या साध्या मालकाला दोन्ही बंद आहेत. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ब्रुएन खटल्यात सांगितले की, बंदुकीवरचे निर्बंध देशाच्या ऐतिहासिक परंपरेत बसले पाहिजेत. तो धागा पकडून ‘गन ओनर्स ऑफ अमेरिका’ ही संघटना २०२५ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या केंद्रीय न्यायालयात गेली. जानेवारी २०२६ मध्ये न्याय खात्याच्या विधी सल्लागार कार्यालयानेही पिस्तुलांपुरती ही बंदी घटनाबाह्य असल्याचे मत दिले.

पण हे मत म्हणजे कायदा रद्द होणे नव्हे. ते काम काँग्रेसचे किंवा न्यायालयाचे. शिवाय बंदी उठली तरी त्या दोन भावांपैकी एक शेजारच्या राज्यात राहायला गेला, तर १९६८ चा नियम उभाच आहे. वडिलांचे रिव्हॉल्व्हर तेव्हाही आधी परवानाधारक दुकानदाराच्या टेबलावर उतरेल, धाकटा तिथे फॉर्म भरेल, त्याची तपासणी होईल, आणि मगच ते त्याच्या हाती पडेल.