हेलिकोबॅक्टर पायलोरी : जठराबाहेरील परिणाम

जठराच्या श्लेष्मल थरात राहणारा सर्पिलाकार जंतू. यूरिएझ या विकराने (एन्झाइमने) तो यूरियापासून अमोनिया तयार करतो आणि जठराम्लापासून स्वतःचा बचाव करतो. बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन यांनी १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे तो प्रयोगशाळेत वाढविला. २००५ चे नोबेल पारितोषिक त्यांना याच कार्यासाठी मिळाले. जठरशोथ (जठराचा दाह), व्रण व कर्करोगाशी त्याचा संबंध सर्वमान्य असल्याने येथे त्याची चर्चा केलेली नाही.

हा जंतू माणसाबरोबर सुमारे ५८ हजार वर्षांपूर्वी पूर्व आफ्रिकेतून बाहेर पडला असावा. त्याच्या भारतीय वाणांचे (उपप्रकारांचे) युरोपीय वाणांशी साम्य आढळते. गोव्यात त्याचे श्रेय पोर्तुगीज राजवटीला (१५१०–१९६१) देण्याचा मोह होतो. दक्षिण अमेरिकेत वसाहतींनंतर युरोपीय वाण पसरले हे खरे. परंतु भारतापुरते हे साम्य बऱ्याच प्राचीन स्थलांतरांतून आले असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. आल्प्समध्ये सापडलेल्या सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या हिममानवाच्या (बर्फात टिकून राहिलेल्या मृतदेहाच्या) जठरातील वाण आजच्या मध्य व दक्षिण आशियातील वाणांच्या जवळचा निघाला, ही बाबही त्याला पोषक आहे.

जठराबाहेरील परिणामांत रक्ताशी निगडित तीन विकारांचा पुरावा सर्वांत भक्कम आहे. त्यांपैकी लोहन्यूनताजन्य पांडुरोग (लोहाच्या कमतरतेने होणारा रक्तक्षय) गोव्याच्या दृष्टीने महत्त्वाचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) राज्यातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ३९ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. अर्थात मासिक रक्तस्राव, बाळंतपणे व आहार ही कारणे आधी येतात. जंतूचा वाटा किती, हे या आकड्यावरून ठरत नाही. तांबड्या भाजीतील लोह शोषले जाण्यासाठी आम्ल व क जीवनसत्त्व लागते. जठराच्या मुख्य भागाला दीर्घकाळ शोथ राहिला की दोन्ही घटतात. शोथामुळे यकृतातील हेप्सिडिन हे लोहाचे शोषण रोखणारे संप्रेरक वाढते व आतड्यातून लोह रक्तात जाणे मंदावते, असेही मानतात. मासळीतील रक्तवर्णकी (हीम) लोह आम्लावर तितके अवलंबून नसते. लोहाच्या गोळ्या नियमित घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल आणि अन्य कारण सापडत नसेल, तर या जंतूची तपासणी करावी, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूत्रे सांगतात. ब-१२ जीवनसत्त्वाची न्यूनता हा दुसरा विकार.

तिसरा, प्रतिक्षमताजन्य बिंबाणुन्यूनता, म्हणजे शरीराच्या प्रतिकारयंत्रणेनेच रक्तातील बिंबाणू (प्लेटलेट) नष्ट केल्याने त्या कमी होणे. जंतूचा नायनाट केल्यावर काही रुग्णांच्या प्लेटलेट वाढतात, हे इटलीतून १९९८ मध्ये प्रथम नोंदले गेले. जपानमध्येही असा प्रतिसाद चांगला, उत्तर अमेरिकेत कमी. गोव्यात पावसाळ्यात प्लेटलेट उतरल्या की डेंगीचा संशय आधी येतो, व तो रास्तच आहे; मात्र तापाशिवाय महिनोन्‌महिने त्या कमी राहिल्या तर या जंतूचा विचार व्हावा.

हृद्‌रोगाशी संबंध १९९४ पासून चर्चेत आहे, पण दाटीवाटीची वस्ती व गरिबी दोहोंशी निगडित असल्याने तो संशयास्पद ठरतो. कंपवातात लेव्होडोपा या औषधाचे शोषण घटते, असे काही अभ्यास सांगतात. उलट दमा व ॲलर्जी या जंतूच्या वाहकांत कमी आढळतात, असाही एक पक्ष आहे.

निदान श्वास-यूरिया अथवा विष्ठा-प्रतिजन (विष्ठेत जंतूचे अंश शोधणाऱ्या) चाचणीने होते. रक्तातील प्रतिपिंडे संसर्ग गेल्यावरही टिकतात, म्हणून ती चाचणी कमी उपयुक्त. फार्मसीतून स्वतःहून आणलेली ‘ॲसिडिटीची गोळी’ (पँटोप्राझोल इ.) चालू असता चाचणी खोटी नकारात्मक येऊ शकते, म्हणून ती गोळी दोन आठवडे व प्रतिजैविके चार आठवडे आधी बंद असावी लागतात.