नकाशा दोन्हीकडे लागतो, हरकत एकाच ठिकाणी नोंदवली जाते

नाशिकमध्ये शहराचे नकाशे लोकांसमोर लागतात ते मुख्यतः दोन निमित्तांनी. आर्किटेक्चर कॉलेजचे विद्यार्थी, वास्तुविशारदांच्या संघटना किंवा एखादा अभ्यासगट आपल्या संशोधनाचं प्रदर्शन भरवतो आणि त्याच्या जोडीला जाहीर व्याख्यान ठेवतो, हे एक. महापालिका विकास योजनेचा प्रारूप आराखडा, म्हणजे ज्याला सगळे डीपी म्हणतात तो, कायद्यानुसार लोकांना पाहण्यासाठी खुला करते, हे दुसरं. दोन्हीकडे रंगीत शीट असतात, बोट ठेवून समजावणारं कुणीतरी असतं आणि आपली गल्ली शोधणारे लोक असतात. त्यामुळे गफलत होते आणि ती महागात पडते. वस्तीतून डीपी रोड जातोय हे कळल्यावर लोक म्हणतात, "आम्ही तर तेव्हा सांगितलं होतं." कुठे सांगितलं, असं विचारलं की उत्तर येतं, व्याख्यानानंतरच्या प्रश्नोत्तरांत. तिथलं बोलणं वाया गेलं असं मी म्हणणार नाही. पण ज्या फायलीत ते असायला हवं होतं, तिथे ते पोचलेलंच नसतं.

प्रदर्शन आणि व्याख्यान ही अभ्यासाची जागा आहे. शहर आज कसं आहे आणि ते तसं का झालं, हे तिथे मांडलं जातं. जुन्या नाशकात अशा अभ्यासाला विषयांची कमतरता नाही. सराफ बाजार आणि भद्रकालीकडच्या गल्ल्यांची रुंदी, वाड्यांचे चौक आणि ओटे, घाटाकडे उतरणारे रस्ते. गोदाकाठच्या मातीच्या गढीचं उत्खनन 1950-51 मध्ये पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी केलं. पायाखालच्या मातीत किती काळाची वस्ती दबलेली आहे, हे तेव्हा शास्त्रीय पद्धतीनं पुढे आलं. एखाद्या वाड्याचा मोजून काढलेला छेद, म्हणजे उभा कापल्यावर आतून दिसेल तसं चित्र, भिंतीवर लागतो, तेव्हा तो वाडा पाडा किंवा ठेवा असा निर्णय कुणी दिलेला नसतो. त्यात उजेड कुठून येतो, पावसाचं पाणी कुठे जातं, किती बिऱ्हाडं राहतात, एवढंच दाखवलेलं असतं. पण एवढं पाहिलेला माणूस पुढे वाड्याबद्दल बोलताना वेगळं बोलतो.

कुंभाचंच उदाहरण घ्या. 2013 च्या प्रयागच्या कुंभात हार्वर्ड विद्यापीठाच्या अभ्यासकांनी त्या तात्पुरत्या नगरीची पाहणी केली. वास्तुविशारद राहुल मेहरोत्रा यांचा त्यात पुढाकार होता. पुढे त्यावर व्याख्यानं आणि प्रदर्शनं झाली. प्रयागला पावसाळ्यानंतर गंगेचं पाणी ओसरतं, तेव्हा मोकळ्या झालेल्या विस्तीर्ण पात्रात आखीव रस्त्यांचं शहर वसवता येतं. नाशिकचा सिंहस्थ येतो ऐन पावसाळ्यात. गोदावरी तेव्हा ओसरलेली नसते, आणि रामकुंडाकडे जाणारी गर्दी जुन्या शहराच्या अरुंद, उताराच्या वाटांनी जाते. 2003 च्या ऑगस्टमध्ये सरदार चौकाजवळच्या चेंगराचेंगरीत 39 भाविक गेले. त्या उताराची रुंदी, वळण आणि चढ मोजून काढलेला कागद कुणी प्रदर्शनात लावला, तर मी तासभर त्याच्यासमोर उभा राहीन. 2027 ची पर्वणी समोर असताना या शहराला अशा अभ्यासाची नितांत गरज आहे.

व्याख्यानाची तर आपल्याकडे जुनी सवय. गोदाकाठच्या वसंत व्याख्यानमालेनं शंभरी ओलांडली आहे, आणि 1840 सालचं सार्वजनिक वाचनालय आजही चालू आहे. ऐकणारा नाशिककर आहेच. शहररचनेवरची व्याख्यानं मात्र बहुतेक वेळा वास्तुविशारदच वास्तुविशारदांना देतात, आणि तीही अर्धी इंग्रजीत. हे बदलायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

आता दुसरी बाजू, आणि इथे जरा सावकाश जाऊ.

विकास योजना होते ती महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 या कायद्याखाली. आधी महापालिका योजना तयार करण्याचा इरादा जाहीर करते. मग शहरातल्या जमिनीचा आज काय वापर चालू आहे, त्याचा नकाशा होतो. त्यावरून प्रारूप योजना बनते. ती कलम 26 खाली प्रसिद्ध होते, म्हणजे राजपत्रात आणि स्थानिक वर्तमानपत्रांत नोटीस येते आणि आराखडा पाहण्यासाठी खुला होतो. नोटिशीत हरकती आणि सूचना देण्याची मुदत लिहिलेली असते. आलेल्या हरकती कलम 28 खालच्या नियोजन समितीपुढे जातात. या समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि त्यांच्या जोडीला नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. समिती सुनावणी घेऊन अहवाल देते, मग योजना शासनाकडे जाते आणि कलम 31 खाली मंजूर होते. नाशिकची सध्याची सुधारित योजना अशीच टप्प्याटप्प्यानं पुढे सरकत 2017 मध्ये मंजूर झाली.

या साखळीत सामान्य माणसाचा शब्द आत शिरतो तो मुख्यतः एकाच ठिकाणी, मुदतीच्या आत दिलेल्या लेखी अर्जातून. हॉलमध्ये अधिकाऱ्याशी झालेली चर्चा, नगरसेवकाला केलेला फोन, व्हॉट्सॲपवर फिरवलेला फोटो, यांतलं काहीही समितीपुढच्या यादीत येत नाही. अर्ज आवक विभागात द्यावा, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्यावा, आणि सुनावणीला प्रत्यक्ष बोलायचं आहे हे अर्जातच स्पष्ट लिहावं. अर्जात सर्व्हे नंबर किंवा गट नंबर, आरक्षणाचा (बाग, शाळा अशा कामासाठी राखलेल्या जागेचा) क्रमांक, रस्त्याची दाखवलेली रुंदी आणि नेमकं काय बदलून हवं ते हवं. "आमच्यावर अन्याय होतोय" एवढ्यावर समितीला काही करता येत नाही. आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. हरकत घ्यायला जमिनीचा मालक असावं लागत नाही. भाड्यानं राहणारा, त्या मैदानावर पोरं खेळायला पाठवणारा, कुणीही लिहू शकतो.

नकाशा वाचायची पद्धतही दोन्हीकडे वेगळी. अभ्यासाच्या नकाशावर रंग अभ्यासकाच्या मर्जीचे असतात, म्हणून आधी सूची वाचायची. डीपीच्या शीटवर रंगांना कायदेशीर वजन असतं. पिवळा म्हणजे रहिवास विभाग, हिरवा म्हणजे शेती किंवा ना-विकास विभाग, आणि एखाद्या प्लॉटवर आरक्षणाचा क्रमांक दिसला तर त्याचा अर्थ योजनेच्या अहवालातल्या तक्त्यात शोधायचा. शीटवरची बारीक रेघ पुढे कुणाच्या अंगणातून जाते, ते मोजणीच्या दिवशीच कळतं.

पूररेषेच्या बाबतीत हा फरक सगळ्यात ठळक दिसतो. गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं की गळ्याशी आलं, ही नाशिककरांची पूर मोजण्याची पट्टी. 2008 च्या सप्टेंबरातल्या महापुरानंतर नदीकाठच्या पूररेषांचा प्रश्न ऐरणीवर आला. निळी रेषा साधारण 25 वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामाला जवळजवळ मज्जाव असतो, आणि दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात अटींसह परवानगी मिळते. आता कुणी विद्यार्थी घरोघर फिरून कुठल्या ओट्यापर्यंत पाणी आलं ते टिपून, म्हाताऱ्यांच्या आठवणी आणि जुने फोटो जोडून प्रदर्शन लावेल, तर पाणी नाल्यातून उलटं कसं शिरतं, पूल कुठे आडवा येतो, हे लोकांना कळेल. डीपीच्या शीटवर मात्र त्या सगळ्याच्या फक्त दोन रेघा उरतात, आणि आपला वाडा पुन्हा बांधता येईल की नाही ते त्या रेघा ठरवतात. त्या आखण्याचं काम जलसंपदा विभागाचं, म्हणून रेषेच्या जागेबद्दल शंका असेल तर त्या विभागालाही लिहायला हवं.

मग या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही का? आहे, आणि तो मुंबईनं दाखवला आहे. 1964 मध्ये मुंबईच्या विकास योजनेचा प्रारूप लोकांसमोर आला आणि सूचना मागवल्या गेल्या. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता हे वास्तुविशारद आणि शिरीष पटेल हे अभियंता यांनी त्यावर अभ्यास करून पर्याय मांडला: शहर उत्तरेकडे लांबवण्याऐवजी खाडीपलीकडे नवं शहर उभारा. 1965 मध्ये तो मांडणीसह छापून आला, त्यावर चर्चा होत राहिली, आणि 1970 मध्ये नवी मुंबईसाठी सिडकोची स्थापना झाली. संशोधन आणि अधिकृत सूचना एकाच हातात आल्यावर काय घडू शकतं, त्याचा याहून चांगला दाखला मला ठाऊक नाही. 1984 मध्ये मुंबईतच सुरू झालेल्या अर्बन डिझाइन रिसर्च इन्स्टिट्यूटनं व्याख्यानं आणि प्रदर्शनं तर केलीच, पण मुंबईच्या अलीकडच्या विकास योजनेच्या वेळी लोकांनी अभ्यास करून सूचना द्याव्यात यासाठीही काम केलं. 2015 मधला तिथला प्रारूप हरकतींच्या लोंढ्यानंतर शासनाला नव्यानं करायला लावावा लागला.

नाशकातही लेखी हरकतीची ताकद दिसली आहे. 2025 च्या नोव्हेंबरात सिंहस्थातल्या साधूंच्या मुक्कामाच्या साधुग्रामासाठी तपोवनातल्या झाडांबाबत नोटीस निघाली, तेव्हा लोकांनी लिहून हरकती दिल्या आणि सुनावणीला गर्दी केली. ती प्रक्रिया वृक्षांच्या 1975 च्या कायद्याखालची, डीपीची नव्हे. पण रीत तीच: नोटीस, मुदत, लेखी अर्ज, सुनावणी.

या दोन्हींच्या मध्ये आणखी एक प्रकार उभा असतो, आणि तो जास्त फसवा: सल्लागार कंपनीचं सादरीकरण. गुळगुळीत थ्रीडी चित्रं, नदीकाठी झाडं, फिरणारी कुटुंबं. तो स्वतंत्र अभ्यास नसतो आणि कायद्यातली प्रसिद्धीही नसते. स्मार्ट सिटीच्या काळात मखमलाबाद-हनुमानवाडीच्या नगररचना योजनेला, म्हणजे जमिनी एकत्र करून मालकांना नव्यानं आखलेले भूखंड देणाऱ्या योजनेला, शेतकऱ्यांनी विरोध केला, तेव्हा चित्रात काय दाखवलंय यापेक्षा आपल्या गटातली किती जमीन जाणार आणि अंतिम भूखंड कुठे मिळणार, हे त्यांचे प्रश्न होते. चित्र त्याचं उत्तर देत नाही.

म्हणून कुठल्याही हॉलमध्ये शिरताना फलकावर कायद्याचं नाव, कलम आणि मुदतीची तारीख आहे का ते पाहावं. असेल, तर शीटचा फोटो काढून अर्ज लिहायला बसावं. नसेल, तर निवांत पाहावं, प्रश्न विचारावेत आणि अभ्यासकाकडून मोजमापं मागून घ्यावीत, कारण पुढच्या हरकतीत तीच कामी येतात.

ती वेळ डीपी पुन्हा तयार होईपर्यंत थांबत नाही. कलम 37 खाली योजनेत लहानसहान फेरबदल होत असतात. त्यांची नोटीस वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात येते आणि हरकतीला एकच महिना मिळतो. शिवाय आरक्षित जागा दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही, तर कलम 127 खाली मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाचं पाऊल पडलं नाही, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे संपुष्टात येतं. 2017 च्या योजनेत नव्यानं पडलेल्या आरक्षणांची दहा वर्षं 2027 मध्ये भरतात, सिंहस्थाच्या धामधुमीतच. आपल्या प्रभागात बाग, शाळा आणि मैदान म्हणून कोणकोणते प्लॉट राखलेले आहेत, त्यांतले किती ताब्यात आले, याची यादी एखाद्या कॉलेजनं आत्ताच काढून प्रदर्शनात लावली, तर शरणपूर रोडला महापालिकेच्या राजीव गांधी भवनात द्यायच्या अर्जाचा मजकूर त्याच भिंतीवर तयार असेल.