वाचाघात : थेरपीचे तास आणि सीमाभाग

लकव्यात उजवा हात-पाय जातो तेव्हा अनेकदा वाचाही जाते. मेंदूला इजा होऊन बोलणं किंवा समजणं असं हरपतं, त्याला वाचाघात म्हणतात. बेळगाव, खानापूर, निपाणीकडं अशा घरात हातापायाचा व्यायाम लगेच सुरू होतो. बोलण्याचं मात्र ‘येईल हळूहळू’ म्हणून मागं पडतं. पेशंट स्पीच थेरपिस्टकडं पोचेपर्यंत बऱ्याचदा कितीतरी महिने उलटलेले असतात.

वाचाघाताचं शास्त्र तसं जुनं आहे. १८६१ मध्ये पॅरिसच्या पॉल ब्रोका यांनी, ‘टॅन’ यापलीकडं फारसं काही बोलू न शकणाऱ्या रुग्णाच्या मेंदूत डाव्या पुढच्या भागातली इजा दाखवली. १८७४ मध्ये कार्ल वेर्निके यांनी, बोलणं ओघवतं पण समज हरवलेली, हा दुसरा प्रकार मांडला. उपचार किती तास द्यायचे, हा प्रश्न मात्र फार उशिरा ऐरणीवर आला.

२००१ मध्ये जर्मनीत फ्रीडेमान पुल्व्हरम्युलर आणि सहकाऱ्यांनी वाचाघाताला बराच काळ लोटलेल्या १७ रुग्णांवर प्रयोग केला. एका गटाला रोज तीन-चार तास, १० दिवस. दुसऱ्याला साधारण तेवढेच तास, पण चारेक आठवड्यांवर पसरून. पहिल्या गटातले रुग्ण टेबलाभोवती बसत. मध्ये आडोसा, हातात चित्रांची कार्डं, आणि प्रत्येक कार्डाची जोडी समोरच्या कुणाकडं तरी. ती मागायची तोंडानंच. बोट दाखवायचं नाही, खूण करायची नाही. या गटाची सुधारणा ठळक दिसली. पुढं २००३ च्या एका आढाव्यात, गुण आलेल्या अभ्यासांत आठवड्याला सरासरी ८.८ तास आणि न आलेल्यांत २ तास थेरपी दिल्याचं निघालं. २०१७ मध्ये जर्मनीतल्याच १५८ रुग्णांच्या चाचणीनं जुन्या वाचाघातातही तीन आठवड्यांच्या सघन थेरपीचा फायदा दाखवला.

तरी ‘जास्त तास म्हणजे जास्त गुण’ असं सरसकट म्हणता येत नाही. जादा तासांच्या गटांत मध्येच सोडणारेही जास्त असतात, हे २०१६ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्या एकत्र तपासणारा आढावा) आलं. २०२० च्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या चाचणीत, लकव्याच्या झटक्यानंतर लगेच तास वाढवून नेहमीच्या थेरपीपेक्षा वेगळा लाभ दिसला नाही.

अशा रोज तासन्‌तास चालणाऱ्या कार्यक्रमांतल्या थेरपिस्टांचे अनुभव पुढं अभ्यासले गेले. रोज भेट झाली की माणूस आणि त्याचं घर कळतं, बदल डोळ्यांदेखत घडतो, याचं त्यांना समाधान असतं. पण तयारी आणि थकवाही तेवढाच. एकाच पेशंटला रोज तीन तास दिले, तर बाहेर बाकावर बसलेल्या बाकीच्यांचं काय, हा पेच आमच्याकडं सगळ्यात मोठा.

त्यात भाषा. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून घरात मराठी आणि कचेरीत कन्नड, अशी हजारो घरं आहेत. थेरपिस्टची मातृभाषा अनेकदा कन्नड असते, हाताशी असलेली कार्डंही कन्नड-इंग्रजीच. आधी कोणती भाषा परतेल? १८९५ मध्ये फ्रेंच डॉक्टर अल्बेर पित्र यांनी म्हटलं होतं, आजाराआधी जी सर्वांत सवयीची, ती. निपाणीतल्या तंबाखूच्या व्यापाऱ्याची घरातली मराठी आणि बाजारातली कन्नड यांपैकी ती कुठली, हे त्याच्या बायको-मुलांनाच विचारावं लागतं. माझं ठाम मत आहे की पहिल्या तासाआधीच ते विचारायला हवं. चुकीच्या भाषेतले तीस तास पेशंटचा धीरच खचवतात.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचाघातामुळं येणाऱ्या कायमच्या वाचा-भाषा दोषाला दिव्यांगत्व मानलं आहे. तासांची सोय त्यानं आपोआप होत नाही. निपाणीहून बेळगाव ७० किलोमीटरच्या वर, आणि सोबत येणाऱ्याची रोजची मजुरी बुडते. म्हणून घरातल्या एकाला, बहुधा सुनेला किंवा मुलीला, समोर बसवून शिकवणं हाच इथं तास वाढवण्याचा खरा मार्ग आहे. तांब्या, भाकरी, चष्मा अशा घरातल्याच वस्तू पुढं ठेवायच्या, ‘काय देऊ, मामा?’ असं विचारायचं आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं. शब्द पटकन पुरवायचा नाही. हे थांबणं घरच्यांना फार जड जातं, आणि थेरपिस्टचा निम्मा वेळ तेच शिकवण्यात जातो.